अकरा वर्षांनी परतलेले वडील आणि पंधरा वर्षांची मुलगी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताई लिहितात: मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. ती चार वर्षांची असताना नवरा नोकरीसाठी मस्कतला गेला. सुरुवातीला पैसे आणि फोन येत होते, वर्षभरात दोन्ही बंद झाले. पुढे एकतर्फी घटस्फोट झाला, मुलीचा ताबा आईकडे आला. मारहाण, दारू असं काही नव्हतं. आता तो पुण्यात परतला आहे. दुसरं लग्न झालंय, पाच वर्षांचा मुलगा आहे. मुलीनं स्वतःच त्याला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं आणि तीन महिने ती त्याच्याशी बोलत होती. आईला हे गेल्या आठवड्यात कळलं. तो भेटायचं म्हणतोय. आजी म्हणते, पायरी चढू देऊ नको. मुलगी म्हणते, तू अडवलंस तरी मी भेटणार. ताई विचारतात, अडवू की जाऊ देऊ? आणि तो तिला माझ्यापासून तोडेल का?

ताई, भेट होऊ द्या. पण ती कशी, कुठे, कधी आणि किती वेळ, हे मोठ्यांनी ठरवायचं. भेटायचं की नाही हे मुलीनं ठरवलंच आहे. आता तुम्ही अडवलंत तर भेट टळणार नाही, ती फक्त तुमच्या नजरेआड होईल. पंधरा वर्षांच्या मुलीनं अनोळखी म्हणावा अशा माणसाला एकटीनं कुठेतरी गाठणं, यात मला खरा धोका दिसतो.

आधी त्या तीन महिन्यांच्या लपवाछपवीबद्दल. तुम्हाला लागलंय, आणि लागणारच. पण कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून काम करताना आणि नंतर स्वतंत्रपणे हे काम करताना मी एक गोष्ट सतत पाहिली आहे. मुलं हे लपवतात ती बहुतेक वेळा आईला वाईट वाटू नये म्हणून. घरात ज्या नावाचा उल्लेख झाला की सगळे गप्प होतात, ते नाव आपण शोधत होतो हे आईला सांगायचं कसं? म्हणून फोन काढून घेऊ नका, चॅट वाचायला मागू नका. एवढंच म्हणा: "तू त्यांना शोधलंस यात तुझं काही चुकलं नाही. लपवलंस त्याचं मला वाईट वाटलं, पण का लपवलंस ते समजतंय. भेट ठरवूया, पण मला माहीत असताना." आणि थांबा. त्यावर ती रडेल, चिडेल किंवा नुसतीच खोलीत निघून जाईल. तिन्ही चालेल.

एक गोष्ट मात्र आजच करा. त्या अकाउंटमागे खरोखर तोच माणूस आहे याची खात्री करून घ्या. स्वतः फोन लावा, आवाज ऐका, शक्यतो व्हिडिओ कॉल करा. जुना फोटो लावून कुणीही कुणाचाही बाप होऊ शकतो, आणि वडिलांना शोधणारी मुलगी फार लवकर विश्वास टाकते. तो फोन तुम्हाला जड जाणार असेल तर भावाला नको, शांत डोक्याच्या एखाद्या नातेवाइकाला करायला सांगा.

हे आत्ताच का, असं तुम्हाला वाटत असेल. या वयात मुलं आरशात बघतात ती फक्त दिसण्यासाठी नसतं. उंची कुणाची, केस कुणासारखे, राग कुणाचा, याची जुळवाजुळव चाललेली असते. तुमच्या मुलीच्या नावाच्या मधोमध त्या माणसाचं नाव आहे. शाळेच्या हजेरीत, आधार कार्डावर, आता दहावीच्या फॉर्मवर ती ते लिहितेय. (१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं, तुमच्या लेकीची पिढी त्याआधीची.) जे नाव शेकडो वेळा लिहिलं त्या माणसाचा आवाज कसा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ते कळावंसं वाटलं, यात तुमच्या प्रेमात काही कमी पडलं असं अजिबात नाही.

दुसरंही एक कारण आहे. वडील वारले असते तर भिंतीवर फोटो लागला असता, पितृपक्षात पान वाढलं गेलं असतं, नातेवाइकांनी आठवणी सांगितल्या असत्या. जिवंत असून नसलेल्या माणसासाठी आपल्याकडे काहीच रीत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना अशा दुःखाचा वेगळा विचार मांडला: माणूस गेला म्हणता येत नाही आणि आहे म्हणता येत नाही, म्हणून शोकही पुरा होत नाही आणि आशाही सुटत नाही. तुमच्या मुलीनं अकरा वर्षं हेच सोसलं आहे. तुम्हीही सोसलं आहे, पण तुमच्याकडे निदान त्या माणसाच्या आठवणी तरी होत्या.

आता कायद्याचं, कारण तुमच्या भीतीचा मोठा भाग तिथे आहे. ताबा तुमच्याकडे आहे आणि वडील परत आले एवढ्यानं तो बदलत नाही. त्यासाठी त्याला न्यायालयात अर्ज करावा लागेल, आणि तिथे मुलीचं हित हाच पहिला निकष असतो. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७मध्ये अशी तरतूद आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. पंधरा वर्षांची मुलगी त्या वयाची असते. दुसऱ्या बाजूनं, ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाशी मुलाचा संपर्क राहावा याला न्यायालयं अलीकडे बरंच महत्त्व देतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२०च्या यशिता साहू प्रकरणात भेटीच्या हक्काबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही स्पष्ट उल्लेख केला. तेव्हा कोर्टकचेरी न करता, आपसात, हळूहळू भेटी सुरू करणं तुमच्याही फायद्याचं आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा काढून त्यात भेटींबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा. समजलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत सल्ला मिळतो.

आणि पैसे. पहिलं वर्ष सोडलं तर त्यानं मुलीच्या पोषणाचा खर्च दिला नाही, हा तुमचा रास्त राग आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं ती जबाबदारी त्याच्यावर आजही आहे, आणि ती मागायला तुम्ही अजिबात संकोचू नका. पण तो हिशेब वकिलामार्फत, वेगळा चालू द्या. "आधी पैसे, मग भेट" असं झालं की मुलीला आपली किंमत लावली जातेय असं वाटतं. तिच्या हातून निरोपही पाठवू नका. "तुझ्या बापाला सांग, क्लासची फी भर" हे वाक्य कितीही खरं असलं तरी तिच्या तोंडून जाता कामा नये.

भेटीआधी मोठ्यांचं एक बोलणं हवं: तुम्ही आणि तो, नाहीतर तुमच्या वतीनं कुणीतरी. तुमच्या संसारात काय घडलं ते तिथे उकरायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या. आताच्या बायकोला हे माहीत आहे का? नसेल, तर आधी तिला सांगायला लावा. एका घरात चोरून आणि दुसऱ्या घरात उघड असं नातं फार दिवस टिकत नाही, आणि फुटलं की खापर मुलीवर येतं. दुसरं, तो पुण्यात राहणार आहे की पुन्हा आखातात जाणार? जाणार असेल तर मुलीला ते पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे. तिसरं, तो नेमकं किती देऊ शकतो? नव्यानं जागा झालेला बाप म्हणतो, "मी दर रविवारी येईन." पुणे-नाशिक प्रवासाला एका बाजूनं पाच तास, वर घरी लहान मूल. दर रविवारी तो येणार नाही. त्याला स्पष्ट सांगा: महिन्यातून एकदा ये आणि आठवड्यातून एका ठरलेल्या वारी फोन कर, पण हे चुकवू नको. अकरा वर्षांनी आलेल्या माणसाकडे मुलीला देण्यासारखी एकच भारी गोष्ट असते: सांगितलं त्या दिवशी, सांगितलं त्या वेळी हजर राहणं. बाकी सगळं त्यानंतर.

पहिली भेट नाशिकमध्येच, त्यानं येऊन. तुमच्या घरी नको, कारण तिथे आजी आहे आणि भिंतीही ऐकतात. पुण्यात त्याच्या घरी तर नकोच. एक-दीड तास पुरे. हॉटेलात समोरासमोर बसवू नका. या वयाच्या मुलांना डोळ्यांत डोळे घालून बोलणं अवघड जातं, शेजारी-शेजारी चालताना ती मोकळी होतात. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून या, खाली उतरून मिसळ खा, झालं. चढताना दम लागला की गप्प राहायला निमित्तही मिळतं. बरोबर कोण असावं ते मुलीला विचारा. मावशी, चुलत बहीण, मैत्रिणीची आई, कुणीही, पण थोड्या अंतरावर राहणारं आणि पुढे जाऊन भांडण न काढणारं. तुम्ही स्वतः नको. तुम्ही असलात की ती सारखी तुमचा चेहरा वाचत बसेल.

त्याला हेही आधी कळवा: पहिल्या भेटीत महागडा फोन किंवा दागिना आणायचा नाही, फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, नवी बायको आणि मुलगा बरोबर आणायचा नाही. गळ्यात पडून रडायचंही नाही. त्याचं रडणं खरं असेल, पण मग पंधरा वर्षांच्या मुलीला त्याला सावरत बसावं लागतं.

पहिल्या भेटीत काय होतं ते सांगायला एक प्रसंग देते; ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्या प्रकरणात घर सोडून गेली होती ती आई आणि मुलगा सोळा वर्षांचा होता. आईनं डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली होती, दाण्याचं कूट न घालता. तीन वर्षांचा असताना त्याला शेंगदाण्यानं पुरळ यायचं, ते तिच्या लक्षात होतं. कुटाशिवाय ती खिचडी गोळा होऊन बसली होती. मुलानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मी आता दाणे खातो." ती गोरीमोरी झाली. कुणी काही बोलेना. मग तिनं विचारलं, "कधीपासून?" आणि तो सांगायला लागला. सातवीच्या सहलीत मित्रानं चिक्की दिली, खाल्ल्यावर आठवलं, रात्रभर घाबरून जागा राहिला, काहीच झालं नाही. पाच-सात मिनिटं तो एकटा बोलत होता. त्या भेटीतलं खरं बोलणं तेवढंच. पण तिनं तिच्या आठवणीतलं मूल क्षणभर बाजूला ठेवलं आणि समोरच्या मुलाला प्रश्न विचारला, म्हणून ते घडलं. तुमच्या नवऱ्याकडेही चार वर्षांची एक मुलगी आहे, त्याच्या डोक्यात. "तुला आठवतं का, तू लहानपणी..." यानं तो सुरुवात करेल. त्याला सांगा, एखादी आठवण पुरे, नंतर आत्ताच्या मुलीला विचार. ती काय वाचते, कोणता विषय नकोसा वाटतो, मैत्रिणी कोण.

ती त्याला हाक काय मारेल, यावर जोर नको. बरीच मुलं कित्येक महिने हाकच मारत नाहीत. "ऐका ना" किंवा थेट मुद्द्यावर. त्यांना जमेल तेव्हा जमेल.

मग येतो तो प्रश्न. पहिल्या भेटीत नाही तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत ती विचारणारच: "तुम्ही का गेलात? फोन का बंद केलात?" याचं उत्तर त्यानं आधी तयार केलेलं असायला हवं, आणि ते खरं असायला हवं. "तुझ्या आईनं बोलू दिलं नाही" हे उत्तर खरं नसेल तर मुलगी ते घरी येऊन पडताळून पाहते, आणि मग दोघांवरचाही विश्वास डळमळतो. "परिस्थितीच तशी होती" हेही चालत नाही, त्यात माणूस कुठेच सापडत नाही. जे उत्तर मुलांच्या उपयोगी पडतं ते साधारण असं असतं: "मी जबाबदारीतून पळालो. तिकडे नोकरी गेली, पैसे पाठवता येईनात, लाज वाटायला लागली, मग फोन उचलणं सोडलं. जितके दिवस गेले तितकं परत फोन करणं अवघड झालं. तुझं यात काही चुकलं नव्हतं." कारणं त्याची जी असतील ती, पण शेवटचं वाक्य असलंच पाहिजे. लहानपणी सोडून गेलेल्या पालकाची मुलं कुठेतरी आत धरून असतात की आपण पुरेसे चांगले नव्हतो. पंधराव्या वर्षी ती हे बोलून दाखवत नाहीत, आणि म्हणूनच ते त्याच्याकडून ऐकणं गरजेचं आहे.

तुम्हालाही ती विचारेल. तुम्ही खोटं बोलू नका आणि सगळंही सांगू नका. "मला खूप त्रास झाला, राग अजून आहे, पण तो माझा आणि त्यांचा विषय आहे. तुला त्यात निकाल द्यायचा नाहीये." एवढं बास.

भेटीवरून आली की दारातच चौकशी नको. जेवायला वाढा. सांगेल ते ऐका, न सांगेल ते राहू द्या. सोबत गेलेल्या मावशीकडून अहवाल घेतलात तरी तो मुलीला कळू देऊ नका.

पहिले दोन-तीन महिने सगळं छान चाललंय असं वाटेल, बाबा किती मस्त आहेत असंही ऐकावं लागेल. तो तिला अभ्यासाला बसवत नाही, सारखा फोन बघते म्हणून रागावत नाही, भांडी घासायला सांगत नाही, मस्त असणारच. त्यानंतर हे बदलतं, आणि त्या वळणावर आया हबकतात. मुलगी चिडचिडी होते, आणि चिडते ती तुमच्यावर. ज्यानं सोडलं त्याच्यावर चिडायची तिला भीती वाटते, कारण तो पुन्हा जाईल. तुम्ही जाणार नाही याची तिला पक्की खात्री आहे, म्हणून अकरा वर्षांचा राग तुमच्या पदरात पडतो. हे अन्यायाचं आहे, ताई, आणि मी ते गोड करून सांगणार नाही. उलट बोलणं, दारं आपटणं याला नेहमीसारखं टोका, घराचे नियम सैल करू नका. पण "जा मग बापाकडे" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

सगळ्यात खोल लागतं ते सावत्र भावाचं, आणि ते मोठ्यांच्या फारसं ध्यानात येत नाही. दुसरी बायको आहे हे मुली पचवतात. पण फोनवर बोलताना मागून लहान मुलाचा आवाज येतो, "पप्पा, चला ना," आणि तिला कळतं की हा माणूस रोज संध्याकाळी घरी येऊ शकतो, कुणाचा तरी बूट घालून देऊ शकतो. फक्त तिच्यासाठी त्याला ते जमलं नव्हतं. त्या दिवशी ती काही खाणार नाही, आणि कारण भलतंच सांगेल. भावाशी भेट घाईनं घालू नका. निदान काही महिने जाऊ द्यात, आणि तिनं स्वतः विचारल्यावरच. त्या पाच वर्षांच्या पोराचाही यात काही दोष नाही, हे तिला हळूहळू उमगतं, बऱ्याचदा त्याला प्रत्यक्ष बघितल्यावर.

आणि तो आलाच नाही तर? ठरलेल्या दिवशी फोन बंद लागला तर? त्याच्या वतीनं सबबी देऊ नका, "मी सांगितलं होतं" असंही म्हणू नका. "तू वाट बघत होतीस. वाईट वाटणारच," असं म्हणून जवळ बसा. एकदा असं झालं तर त्याला स्पष्ट विचारा. पुन्हा पुन्हा होत असेल तर भेटी पुढे ढकला, फोनवर आणा, आणि तिला कारण सांगा.

आजींचा राग समजून घ्या. मुलीच्या तापात रात्री जागल्या त्या आजी, पहिल्या दिवशी शाळेत सोडायला गेल्या त्याही आजीच असतील. त्यांच्याशी मुलगी घरात नसताना बोला. त्यांनी त्याला माफ करायची काही गरज नाही. मुलीसमोर शिव्याशाप नकोत, एवढीच मागणी करा, कारण त्याला दिलेली शिवी ती स्वतःच्या अर्ध्या अंगावर घेते.

काही खुणा दिसल्या तर मात्र भेटी लगेच थांबवा. "हे आईला सांगू नको" असं तो वारंवार म्हणतो, पैसे किंवा सह्या मागतो, पिऊन येतो, ठरलेली जागा सोडून तिला एकटीला कुठे न्यायला बघतो. मुलीची झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर थांबू नका: टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते, आणि मुलांसाठी १०९८ आहे.

दहावीचं म्हणाल तर बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ती संपेपर्यंत भेट नको, असं आजूबाजूचे सांगतील. माझं मत वेगळं आहे. तीन महिने बोलून झालेल्या मुलीला आणखी अर्धं वर्ष थांबवलंत तर पुस्तकासमोर बसून ती हाच विचार करणार. पहिली भेट लवकर होऊ द्या, सहामाहीच्या आधी नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. जानेवारीपासून फक्त आठवड्याचा फोन. त्याच्या घरी जाणं, भावाची भेट, गावाकडच्या आजी-आजोबांची भेट हे सगळं परीक्षेनंतरच्या सुट्टीवर टाका.

तो तिला तोडेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एखाद्या भांडणात ती म्हणेलही, "मी बाबांकडे राहायला जाते." तेव्हा हो किंवा नाही म्हणू नका, "हे भांडणात ठरवायचं नाही, परीक्षा झाल्यावर शांतपणे बोलू" असं सांगा. माझ्या पाहण्यात बहुतेक मुलं हा विषय पुन्हा काढत नाहीत. काही काढतात, आणि सुट्टीत पंधरा दिवस तिकडे राहून येतात. तिकडे रोजचं घर असतं, रोजच्या कटकटी असतात, नव्या आईशी कसं वागायचं याचा अवघडलेपणा असतो, आणि हे सगळं मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तीन वर्षांनी ती अठरा पूर्ण करेल, मग कुणाला भेटायचं हे तिला कुणीच सांगू शकणार नाही. तोवर हे तुमच्या घरात, तुम्हाला माहीत असताना घडतंय, हे माझ्या मते बरं.

तिला भेटीला सोडून तुम्ही त्या दीड तासात घरी एकट्या बसू नका. मैत्रिणीकडे जा, आणि इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते तिला सांगा.